ऑस्ट्रेलियात नव्याने स्थायिक होताना खासगी आरोग्य विमा कसा निवडावा

ऑस्ट्रेलियाचा पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क) मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात बरेच मोठे निर्णय एकापाठोपाठ एक घ्यावे लागतात, आणि त्यांत खासगी आरोग्य विम्याचा निर्णय सर्वांत घाईने घेतला जातो, असे मेलबर्नमधल्या मराठी कुटुंबांशी बोलताना मला सतत जाणवते. ऑफिसातल्या सहकाऱ्याने घेतली म्हणून कोणी तीच पॉलिसी घेतो, कोणी जूनच्या अखेरीस, करवर्ष संपताना, अकाउंटंटने सांगितले म्हणून घेतो, तर कोणी ‘मेडिकेअर (इथली सार्वजनिक आरोग्य व्यवस्था) आहे ना, मग आणखी विमा कशाला?’ असे म्हणून विषयच बाजूला ठेवतो. गेल्या काही वर्षांत आमच्या स्वतःच्या घरासाठी आणि ओळखीच्या कुटुंबांसाठी मी या पॉलिसींची कागदपत्रे बारकाईने वाचली आहेत आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. मेडिकेअर आपल्याला काय देते आणि काय देत नाही, हे आधी नीट समजून घ्यावे. कंपनीचे नाव आणि हप्ता या गोष्टी त्यानंतर पाहाव्यात.

भारतात विमा घेताना आपल्याला काही सवयी लागलेल्या असतात आणि त्या इथे उपयोगी पडत नाहीत. तिकडे पहिला प्रश्न असतो ‘किती लाखांचे कव्हर?’. इथल्या रुग्णालयीन विम्यात विमा रकमेची अशी मर्यादाच नसते. पॉलिसीत कोणत्या प्रकारच्या उपचारांचा समावेश आहे आणि कोणते वगळले आहेत, यावर सगळे ठरते. तिकडे वय वाढले की हप्ता वाढतो, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तो आणखी वाढतो, आणि कधी कधी कंपनी पॉलिसी द्यायलाच नकार देते. ऑस्ट्रेलियात कायद्यानेच याला मनाई आहे. पंचवीस वर्षांच्या धडधाकट तरुणाला आणि साठीतल्या हृदयरुग्णाला एकाच राज्यात एकाच पॉलिसीचा मूळ हप्ता सारखाच लागतो, आणि आजाराचे कारण दाखवून कंपनी कोणालाही परत पाठवू शकत नाही. तरुणांसाठी काही कंपन्या थोडी सवलत देतात आणि उशिरा विमा घेणाऱ्यांना लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, लागतो, हे दोन अपवाद सोडले तर वयाचा संबंध येत नाही. ही व्यवस्था मला मनापासून न्याय्य वाटते. परंतु ‘आत्ता तरुण आहोत, आत्ताच घेतले तर आयुष्यभर स्वस्त पडेल’ हे भारतातले गणित इथे जसेच्या तसे लागू होत नाही, हेही त्यामुळे लक्षात ठेवावे लागते.

आता मेडिकेअरविषयी. ही सार्वजनिक व्यवस्था १९८४ पासून सध्याच्या नावाने चालू आहे आणि पीआरधारकांना ती पूर्णपणे लागू होते. सार्वजनिक रुग्णालयात सार्वजनिक रुग्ण म्हणून दाखल झाल्यास शस्त्रक्रिया, खाटेचे भाडे, डॉक्टर, भूलतज्ज्ञ यांपैकी कशाचेही बिल येत नाही. अपघात, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कर्करोगावरचे तातडीचे उपचार अशा गंभीर प्रसंगी सार्वजनिक रुग्णालयेच सर्वांत सक्षम असतात, आणि खासगी विमा असलेली माणसेही अशा वेळी तिथेच जातात. विमा असूनही तिथे सार्वजनिक रुग्ण म्हणून उपचार घेण्याचा हक्क आपल्याकडे राहतो. दाखल होताना तसे विचारले जाते आणि उत्तर आपण द्यायचे असते. त्यामुळे ‘विमा नसेल तर मोठ्या आजारात आपण रस्त्यावर येऊ’ ही भारतातून आपल्यासोबत आलेली भीती इथल्या पीआरधारकाने बाळगण्याचे कारण नाही. हे मी मुद्दाम ठासून लिहितो, कारण विमा विकणारे याच भीतीवर बोट ठेवतात.

मेडिकेअर जे देत नाही ते असे. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियांसाठी थांबावे लागते. या शस्त्रक्रियांची निकडीनुसार वर्गवारी केलेली असते आणि शिफारस केलेली मुदत ३०, ९० किंवा ३६५ दिवसांची असते. गुडघेबदल, मोतीबिंदू, सायनस यांसारख्या शस्त्रक्रिया बहुधा शेवटच्या वर्गात जातात. शिवाय सर्जन कोण असेल, हे सार्वजनिक रुग्णाला ठरवता येत नाही. मोठ्या माणसांच्या दातांचे उपचार, चष्मा आणि बहुतांश फिजिओथेरपी मेडिकेअरमध्ये येत नाही. रुग्णवाहिकाही येत नाही, आणि ही गोष्ट नव्याने आलेल्यांच्या हमखास नजरेतून सुटते. क्वीन्सलंड आणि टास्मानियात तेथील रहिवाशांसाठी राज्य सरकार हा खर्च उचलते. व्हिक्टोरियात मात्र रुग्णवाहिका सेवेचे सभासदत्व घ्यावे लागते किंवा विम्यात त्याचा समावेश असावा लागतो, नाहीतर एका फेरीचे बिल हजार डॉलरच्या वर सहज जाते. खासगी विम्याचा विचार पुढे ढकलायचा असेल तर खुशाल ढकला, पण व्हिक्टोरियात राहत असाल तर रुग्णवाहिकेचे सभासदत्व या आठवड्यातच घेऊन टाका.

म्हणजेच पीआरधारक खासगी रुग्णालयीन विम्यातून विकत घेतो त्या मुख्यतः दोन गोष्टी: लवकर मिळणारी तारीख आणि डॉक्टरची निवड. या दोन गोष्टी आपल्या कुटुंबाला पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणत्या उपचारासाठी लागण्याची शक्यता आहे, याचा विचार केला की निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

जे अजून तात्पुरत्या व्हिसावर आहेत, त्यांची गोष्ट वेगळी आहे. ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार ब्रिटन, न्यूझीलंड, इटली अशा काही देशांशी आहे, भारताशी नाही. त्यामुळे विद्यार्थी व्हिसावर किंवा ४८२ सारख्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या भारतीयाला सहसा मेडिकेअर मिळत नाही आणि व्हिसाच्या अटीप्रमाणे वेगळा विमा घ्यावाच लागतो. विद्यार्थ्यांसाठी ओएसएचसी (ओव्हरसीज स्टुडंट हेल्थ कव्हर) आणि इतरांसाठी ओव्हीएचसी (ओव्हरसीज व्हिजिटर्स हेल्थ कव्हर). हे दोन्ही विमे मेडिकेअरची जागा घेण्यासाठी असतात. पीआरधारकांच्या रुग्णालयीन विम्याशी त्यांची गल्लत करू नये, कारण लोडिंग टाळण्यासाठी किंवा जास्त उत्पन्न असूनही विमा नसणाऱ्यांना लागणारा करातला अधिभार वाचवण्यासाठी ते धरले जात नाहीत. मेडिकेअरचा हक्क नसलेल्या करदात्याला मेडिकेअर लेव्हीतून (मेडिकेअरसाठी उत्पन्नावर लागणाऱ्या करातून) सूट मागता येते आणि त्यासाठी मेडिकेअरकडून एन्टायटलमेंट स्टेटमेंट, म्हणजे हक्क नसल्याचा दाखला, घ्यावे लागते; हा अर्ज करण्याचे कित्येकांच्या ध्यानातच येत नाही. पीआर मिळाला की जुना ओव्हीएचसी आपोआप बंद होत नाही. मेडिकेअरची नोंदणी झाल्यावर तो स्वतः बंद करावा आणि आगाऊ भरलेल्या हप्त्याचा परतावा मागावा.

मेडिकेअरची नोंदणी झाली की एक मुदत सुरू होते. १ जुलै २००० पासून इथे लाइफटाइम हेल्थ कव्हर नावाचा नियम आहे. ज्यांनी ३१ वा वाढदिवस झाल्यानंतरच्या १ जुलैपर्यंत रुग्णालयीन विमा घेतला नाही, त्यांना पुढे कधीही तो घेताना तिशीनंतरच्या प्रत्येक वर्षामागे २ टक्के जास्त हप्ता द्यावा लागतो, आणि ही वाढ कमाल ७० टक्क्यांपर्यंत जाते. सलग १० वर्षे विमा चालू ठेवला की हे लोडिंग निघून जाते. तिशी ओलांडल्यावर इथे आलेल्यांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांना मेडिकेअरमध्ये पूर्ण लाभांसाठी नोंदणी झाल्याच्या तारखेपासून १२ महिन्यांची मुदत दिलेली आहे. या मुदतीत विमा घेतला तर वय ३५ असो वा ५५, लोडिंग शून्य. मुदत टळली तर मात्र वयाचा पूर्ण हिशेब लागतो. समजा, ३८ व्या वर्षी पीआर घेऊन आलेल्या माणसाने ही मुदत जाऊ दिली आणि ४२ व्या वर्षी विमा घेतला, तर त्याला २४ टक्के लोडिंग लागेल. वर्षाचा रुग्णालयीन हप्ता २,००० डॉलर धरला तर दरवर्षी ४८० डॉलर जास्त, तेही दहा वर्षे. पती-पत्नीची एकच पॉलिसी असेल तर दोघांच्या लोडिंगची सरासरी धरली जाते.

या मुदतीबाबत दोन गोष्टी सांभाळाव्यात. नोंदणीची नेमकी तारीख मेडिकेअरकडून लेखी घेऊन ठेवावी, कारण विमा कंपनी ती मागते. ज्यांना पीआरच्या अर्जानंतर मेडिकेअरचे अंतरिम निळे कार्ड आधी मिळालेले असते, त्यांनी तर आपल्या बाबतीत कोणती तारीख धरली जाणार हे नक्की विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट अशी की, बारा महिन्यांची मुदत म्हणजे पहिल्याच महिन्यात विमा घेण्याची सक्ती नव्हे. इथल्या व्यवस्थेची ओळख होईपर्यंत, जीपीकडे (नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे) जाऊन येईपर्यंत, दोन-चार पॉलिसी वाचून होईपर्यंत थांबायला त्या वर्षात पुरेसा वेळ असतो. फोनवर ‘आजच घेतलेत तर दोन महिने मोफत’ असे ऐकून निर्णय घेण्याची काहीच गरज नाही.

दुसरा आर्थिक धागा कराचा आहे. सर्वसाधारण करदाता उत्पन्नाच्या २ टक्के मेडिकेअर लेव्ही भरतोच, विमा असो वा नसो. त्याखेरीज ज्यांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर आहे आणि ज्यांच्याकडे रुग्णालयीन विमा नाही, त्यांना मेडिकेअर लेव्ही सरचार्ज, म्हणजे वर सांगितलेला अधिभार, लागतो. २०२५-२६ या करवर्षासाठी ही मर्यादा एकट्या माणसाला १,०१,००० डॉलर आणि कुटुंबाला २,०२,००० डॉलर आहे. पहिल्यानंतरच्या प्रत्येक मुलामागे कुटुंबाची मर्यादा १,५०० डॉलरने वाढते. सरचार्जचे दर उत्पन्नानुसार १, १.२५ आणि १.५ टक्के आहेत. मर्यादेच्या वरच्या रकमेपुरताच तो लागतो, असा समज सर्रास आढळतो; प्रत्यक्षात मर्यादा ओलांडली की संपूर्ण उत्पन्नावर हिशेब होतो. १,२०,००० डॉलर कमावणाऱ्या एकट्या माणसाला १.२५ टक्क्यांनी १,५०० डॉलर भरावे लागतात, आणि एवढ्या पैशांत एका माणसाची साधी रुग्णालयीन पॉलिसी बहुधा येते. विवाहित माणसाने फक्त स्वतःपुरती पॉलिसी घेऊन भागत नाही. जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले यांच्याकडेही विमा हवा. पॉलिसीतला एक्सेस, म्हणजे दाखल होताना आपण स्वतः भरायची रक्कम, एकट्यासाठी ७५० आणि कुटुंबासाठी १,५०० डॉलरपेक्षा जास्त असली तर ती पॉलिसी सरचार्जसाठी चालत नाही. केवळ दात-चष्म्याचा विमाही चालत नाही.

यावरून ‘सरकारला द्यायचे त्यापेक्षा कंपनीला दिलेले बरे’ असे म्हणत सर्वांत स्वस्त पॉलिसी घेणारे पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही, फक्त आपण कर वाचवला आहे, उपचारांची सोय केलेली नाही, हे त्या माणसाला स्वच्छ माहीत असावे. तसे माहीत नसलेली माणसे मला भेटली आहेत. वर्षानुवर्षे हप्ता भरल्यानंतर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची वेळ आली आणि तेव्हा कळले की, आपल्या पॉलिसीत सांध्यांचे काहीच नव्हते. अशा माणसाची निराशा समोर बसून ऐकणे फार जड जाते.

कारण सगळे पॉलिसींच्या वर्गवारीत आहे. एप्रिल २०१९ पासून रुग्णालयीन पॉलिसींचे गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि बेसिक असे चार स्तर केले गेले आणि उपचारांच्या ३८ प्रमाणित श्रेणी ठरवल्या गेल्या. कोणत्या स्तरात किमान कोणत्या श्रेणी असल्याच पाहिजेत, हे कायद्याने निश्चित आहे. बेसिकमध्ये किमान म्हणून पुनर्वसन, मानसोपचार आणि उपशामक सेवा एवढ्याच श्रेणी असतात, त्याही मर्यादित स्वरूपात. ब्राँझमध्ये हाडे-सांधे-स्नायू, अपेंडिक्स आणि हर्निया, पचनसंस्था, मूत्रपिंड व मूत्राशय, स्त्रीरोग, केमोथेरपी अशा बऱ्याच श्रेणी येतात. सिल्व्हरमध्ये हृदय व रक्तवाहिन्या, फुप्फुसे, पाठ व मणका यांची भर पडते. गर्भारपण व प्रसूती, वंध्यत्वावरचे उपचार, सांधेबदल, मोतीबिंदू, डायलिसिस यांची सक्ती मात्र फक्त गोल्डमध्ये आहे. ‘प्लस’ लागलेल्या पॉलिसीत त्या स्तरापेक्षा काही श्रेणी जास्त असतात, पण नेमक्या कोणत्या हे कंपनीनुसार बदलते. एका सिल्व्हर प्लसमध्ये सांधेबदल असतो, दुसरीत नसतो, आणि जाहिरातीत दोन्हींचे नाव सारखेच दिसते.

म्हणून प्रत्येक पॉलिसीचे प्रायव्हेट हेल्थ इन्फर्मेशन स्टेटमेंट मागवून वाचावे. हे एक छोटेसे प्रमाणित पत्रक असते आणि सगळ्या कंपन्यांना ते एकाच नमुन्यात द्यावे लागते. वर हप्ता, राज्य आणि एक्सेस असतो. खाली श्रेणींची यादी असते आणि कोणती समाविष्ट आहे, कोणती मर्यादित आहे व कोणती वगळली आहे, हे दाखवलेले असते. मी आधी वगळलेल्या श्रेणी वाचतो. त्यानंतर ‘मर्यादित’ म्हणून दाखवलेल्या श्रेणींपुढे पेन्सिलने खूण करतो, कारण त्या श्रेणीत खासगी रुग्णालयात गेलात तर कंपनी अगदी थोडी रक्कम देते आणि उरलेले मोठे बिल आपल्यावर येते. मग बायकोला शेजारी बसवून आम्ही दोघे स्वतःला विचारतो की, वगळलेल्यांपैकी कशाची गरज आपल्याला नजीकच्या काळात पडू शकते. ही पत्रके आणि सर्व कंपन्यांच्या सर्व पॉलिसी सरकारच्या ‘प्रायव्हेट हेल्थ’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. दूरदर्शनवर जाहिराती करणारी तुलनेची व्यावसायिक संकेतस्थळे विक्रीमागे कमिशन घेतात आणि त्यांच्याकडे सगळ्या कंपन्या नसतात. त्यांचा उपयोग फार तर अंदाज घेण्यापुरता करावा.

तरुण जोडप्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा प्रसूतीचा आहे. त्यासाठीचा वेटिंग पीरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर लाभ मिळेपर्यंत थांबायचा काळ, १२ महिन्यांचा असतो आणि तो बाळंतपणाच्या दिवशी पूर्ण झालेला असावा लागतो. म्हणजे खासगी रुग्णालयात बाळंतपण करायचे मनात असेल, तर दिवस राहण्याच्या आधीच पॉलिसी घेतलेली हवी. दिवस गेल्यावर धावपळ करून काही उपयोग होत नाही. बाळाला जन्मतः विशेष देखरेखीची गरज पडली तर ते स्वतंत्र रुग्ण म्हणून दाखल होते, आणि तेव्हा त्याच्या नावाचे कव्हर आधीपासून असावे लागते. त्यासाठी एकेरी पॉलिसीचे कुटुंब पॉलिसीत रूपांतर किती आधी करावे, याचे नियम कंपनीगणिक वेगळे आहेत, तेव्हा ते लेखी विचारून घ्यावे. हप्त्याचा ताण कमी करण्याचा एक मार्ग फारसा कोणी सांगत नाही. जोडप्याने एकत्र पॉलिसी घ्यावी असा काही नियम नाही. पत्नीने गोल्ड आणि पतीने ब्राँझ किंवा बेसिक अशा दोन एकेरी पॉलिसी घेतल्या तर दोघांसाठी गोल्ड घेण्यापेक्षा बरीच बचत होते, कारण जोडप्याचा हप्ता सहसा एकट्याच्या दुप्पट असतो.

तरीही माझे मत असे की, केवळ बाळंतपणासाठी गोल्ड घेण्याआधी सार्वजनिक रुग्णालयातल्या प्रसूतीचा शांतपणे विचार करावा. तिथे प्रसूतीचा खर्च शून्य असतो, सुईणींची काळजी उत्तम असते आणि गुंतागुंत झाली तर तज्ज्ञ हजर असतात. खासगीत आपल्या पसंतीचा प्रसूतितज्ज्ञ पहिल्यापासून शेवटपर्यंत मिळतो आणि स्वतंत्र खोली मिळण्याची शक्यता जास्त असते, परंतु त्या डॉक्टरच्या दवाखान्यातल्या तपासण्यांचे आणि गर्भारपणाच्या व्यवस्थापनाचे शुल्क रुग्णालयाबाहेरचे असल्यामुळे खासगी विमा ते देत नाही. मेडिकेअरचा परतावा वजा जाता मोठी रक्कम खिशातूनच जाते. ज्यांची आई किंवा सासू व्हिसाअभावी वेळेवर येऊ शकत नाही आणि ज्यांना ओळखीच्या डॉक्टरच्या आधाराची खरी गरज वाटते, त्यांना ही किंमत योग्य वाटू शकते, आणि तसे वाटण्यात काही चूक नाही.

आधीपासून असलेल्या आजारांबाबत इथला नियम भारतापेक्षा सौम्य आहे. भारतात २०२४ च्या सुधारणेनंतरही अशा आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबायला लावता येते. इथे कमाल १२ महिने. पॉलिसी घेण्याआधीच्या सहा महिन्यांत आजाराची चिन्हे किंवा लक्षणे होती का, हे कंपनीने नेमलेला डॉक्टर ठरवतो. निदान झालेले असणे आवश्यक नाही, लक्षणे असणे पुरेसे आहे. म्हणून सहा महिन्यांपासून पोटात दुखते आहे पण डॉक्टरकडे गेलोच नाही, तेव्हा तो आजार जुना ठरणार नाही, हा हिशेब चालत नाही. मानसोपचार, पुनर्वसन आणि उपशामक सेवा यांसाठी मात्र आजार जुना असला तरी दोनच महिने थांबावे लागते. इतर नव्या आजारांनाही दोन महिने. वेटिंग पीरियड एकदा पूर्ण केला की तो वाया जात नाही. खंड न पडू देता त्याच किंवा खालच्या पातळीच्या पॉलिसीसाठी दुसऱ्या कंपनीकडे गेलात तर पुन्हा थांबावे लागत नाही. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून क्लिअरन्स सर्टिफिकेट मागवते. यामुळे पहिली निवड आयुष्यभराची ठरत नाही, ही मनाला मोठा दिलासा देणारी बाब आहे.

यानंतरची गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते: विमा असूनही खिशातून जाणारा पैसा. कॅशलेस कार्ड दाखवले आणि रुग्णालयातून बाहेर पडलो, असे इथे गृहीत धरता येत नाही. आमच्या घरात पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा सर्जनच्या दवाखान्यातून खर्चाचा लेखी अंदाज आला. त्यात प्रत्येक प्रक्रियेचा आयटम नंबर, त्यासमोर सरकारी दरपत्रकातली फी, त्यापुढे सर्जनची प्रत्यक्ष फी आणि शेवटच्या रकान्यात आम्ही भरायची रक्कम होती. भूलतज्ज्ञाचा अंदाज वेगळ्या कागदावर, वेगळ्या पत्त्यावरून आला. याचे गणित असे चालते: समजा, सरकारी दर १,००० डॉलर आहे आणि सर्जन १,६०० घेतो. खासगी रुग्णाच्या बाबतीत मेडिकेअर दराच्या ७५ टक्के म्हणजे ७५० देते, विमा कंपनी उरलेले २५ टक्के म्हणजे २५० देते आणि वरचे ६०० आपले. सर्जनने त्या कंपनीची गॅप योजना (सरकारी दरावरची रक्कम भरून काढण्याची सोय) मान्य केली असेल तर ही रक्कम शून्य किंवा मर्यादित होते. कोणत्या रुग्णासाठी ती योजना स्वीकारायची, हे सर्जन ठरवतो. म्हणून तारीख निश्चित करण्यापूर्वी सर्जनकडून आयटम नंबर घ्यावेत, कंपनीला फोन करून ते नंबर वाचून दाखवावेत आणि त्या रुग्णालयाशी कंपनीचा करार आहे का, हेही विचारावे. जीपीकडून रेफरल घेताना दोन-तीन सर्जनांची नावे मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. फीमध्ये मोठा फरक पडतो.

एक्सेस जास्त ठेवला की हप्ता कमी होतो, आणि ज्यांना वर्षानुवर्षे रुग्णालयाची पायरी चढावी लागत नाही, त्यांना ७५० डॉलरचा एक्सेस परवडतो. दात, चष्मा, फिजिओ यांचा एक्स्ट्रा विमा हा निव्वळ बेरीज-वजाबाकीचा विषय आहे: वर्षाचा हप्ता किती, परतावा किती आणि आपला प्रत्यक्ष खर्च किती. मुलांना दातांच्या तारा लावायच्या असतील तर वेटिंग पीरियड आणि आजीवन मर्यादा तपासावी. नाहीतर तेवढे पैसे बाजूला ठेवून दंतवैद्याला रोख दिलेले बरे. उत्पन्न कमी असणाऱ्यांना हप्त्यावर सरकारी सवलत मिळते, ६५ वर्षांखालील लोकांसाठी ती सध्या साधारण २४ टक्के आहे आणि उत्पन्नाबरोबर ती कमी होत जाते. सर्व कंपन्यांचे हप्ते सहसा १ एप्रिलला बदलतात, त्यामुळे मार्चमध्ये आलेले पत्र न वाचता ठेवून देऊ नये.

मला कोणी सल्ला विचारला तर मी असे सांगतो. तिशीच्या आत असाल, एकटे असाल आणि उत्पन्न मर्यादेखाली असेल, तर विम्याची घाई नाही. रुग्णवाहिकेची सोय करा आणि ३१ व्या वर्षाची तारीख लक्षात ठेवा. उत्पन्न मर्यादेवर असेल तर बेसिक आणि ब्राँझ यांच्या हप्त्यांतला फरक पाहा. तो थोडा असेल तर ब्राँझ घ्या, कारण त्यात निदान अपेंडिक्स, हर्निया आणि मोडलेले हाड येते. चाळिशीत आला असाल, मुले झालेली असतील, तर प्रसूती वगळणारी पण सांधे आणि मोतीबिंदू असणारी सिल्व्हर प्लस शोधा. उत्पन्न कमी आणि वय जास्त असेल तर निर्णय खरोखर अवघड आहे, आणि अशा कुटुंबाने हप्ता भरून घरखर्चाची ओढाताण करण्यापेक्षा सार्वजनिक व्यवस्थेवर विसंबावे, असे मी बिनदिक्कत सांगतो.

भेटीला येणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत मात्र हा सगळा विचार उलटा करावा लागतो. त्यांना मेडिकेअर नाही, त्यामुळे सार्वजनिक रुग्णालयातही खाटेचे रोजचे भाडे आणि डॉक्टरांचे बिल पूर्ण भरावे लागते, आणि आयसीयूत काही दिवस काढावे लागले तर ती रक्कम एखाद्या कुटुंबाची वर्षाची बचत खाऊन टाकते. त्यांच्यासाठी विमा ही चैन नाही. भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यात जुन्या आजारांचा समावेश बहुधा नसतो किंवा केवळ जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरता, तोही मर्यादित रकमेचा असतो. इथल्या कंपन्यांच्या व्हिजिटर कव्हरमध्ये जुन्या आजारांसाठी १२ महिने थांबावे लागते. दोन्हींची कागदपत्रे समोर ठेवून वडिलांचा रक्तदाब आणि आईचा मधुमेह यांवर कोण काय देणार, हे तिकिटे काढण्यापूर्वी कंपनीकडून ई-मेलवर लेखी घ्यावे, आणि त्यांच्या नेहमीच्या औषधांचा पुरेसा साठा, प्रिस्क्रिप्शन व जुने रिपोर्ट त्यांच्या हातातल्या बॅगेत ठेवायला सांगावे.